धूर कोंडणाऱ्या चुलीचे दोषनिदान : तिसगाव परिसरातील इंधनाच्या संदर्भात

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हा परिसर अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतो. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेनंतर ग्रामीण घरांत गॅस मोठ्या प्रमाणात पोहोचला. तथापि भाकरी, आंघोळीचे पाणी व जास्त माणसांचा स्वयंपाक यांसाठी चूल टिकून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती इंधनाच्या धुराशी निगडित आजारांमुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. म्हणूनच नीट न जळणारी चूल हा केवळ गैरसोयीचा विषय ठरत नाही. अशा चुलीतील दोष क्रमाने कसे ओळखावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी

धूररहित चुलीची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत विकसित झालेली मगन चूल सर्वपरिचित आहे. १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात २००२ पर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद आहे. पुण्यात १९९६ साली डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने ‘लक्ष्मी’सारख्या दोन भांड्यांच्या, धुराड्याच्या चुलींचा प्रसार केला. मात्र बसविलेल्या अनेक चुली पुढे वापरातून गेल्या. चूल बांधून देण्याची व्यवस्था झाली. ती बिघडल्यास काय पाहावे, हे शिकविण्याची व्यवस्था त्या मानाने तोकडी राहिली.

दोषनिदानाचा क्रम

१) ओढ : चूल पेटवून तोंडाशी उदबत्ती धरावी. तिचा धूर आत खेचला गेल्यास धुराड्याची ओढ ठीक आहे व दोष बहुधा इंधनात किंवा ते घालण्याच्या पद्धतीत आहे. धूर बाहेर येत असेल तर मार्गात अडथळा किंवा गळती आहे. ३ मीटर उंचीच्या धुराड्यात १५० अंश सेल्सिअस तापमानाचे वायू असले तरी निर्माण होणारा दाबातील फरक सुमारे १० पास्कल, म्हणजे पाण्याच्या जेमतेम १ मिलिमीटर उंचीइतका असतो. एवढ्या नाजूक ओढीला लहानशी फटही पुरते.

२) इंधन : तिसगावसारख्या भागात बाभूळ, वेडी बाभूळ, तुराट्या, पऱ्हाट्या व गोवऱ्या हे प्रमुख जळण होय. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता खर्च होते. त्यामुळे ताज्या, निम्मे वजन पाण्याचे असलेल्या लाकडापासून हवेत वाळलेल्या लाकडाच्या मानाने जवळपास निम्मीच उष्णता मिळते. दाट पांढरा धूर, लाकडाच्या टोकाशी पाण्याचा फेस व चरचर आवाज ही ओलाव्याची लक्षणे होत. जळण पावसाळ्यापूर्वी फोडून आडोशाला रचणे हाच त्यावरील उपाय.

३) हवा : काळा धूर व भांड्यावर जाड काजळी दिसल्यास हवा अपुरी आहे असे समजावे. राख साचणे किंवा तोंड लाकडांनी गच्च भरणे ही त्याची कारणे असतात. तुराट्या व पऱ्हाट्या झटकन पेटून एकदम वायू सोडतात. त्यांना पुरेशी हवा मिळत नाही. त्या थोड्या थोड्या सारणे इष्ट ठरते.

४) भांडी व भेगा : वैलावर भांडे नसेल किंवा ते नीट टेकलेले नसेल, तर धुराडे तोंडाऐवजी तेथूनच थंड हवा ओढते. परिणामी पुढचा जाळ मंदावतो. वैल मोकळे असल्यास झाकून ठेवावे व भेगा शेणमातीने बुजवाव्यात.

५) धुराडे : काजळीने नळी अरुंद होते. तिचे टोक छपराच्या आढ्याखाली राहिल्यास वाऱ्याने धूर परततो. पहाटे धुराडे थंड असल्याने ओढ लागत नाही; तेव्हा मूठभर वाळक्या काटक्यांचा जाळ आधी करावा. काजळी नियमित काढावी, कारण ती नळीतच पेट घेऊ शकते.

वापरकर्त्या स्त्रियांची बाजू

तव्यावरची भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करून फुगविली जाते. त्यासाठी, तसेच जाड लाकडे शिरावीत म्हणून, चुलीचे तोंड मोठे केले जाते. यामुळे ओढीचे प्रमाण बिघडते हे खरे. परंतु त्यास स्त्रियांचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. भाकरी शेकण्यास जागा न ठेवणारा आराखडाच येथे अपुरा आहे.

निष्कर्ष

ओढ, इंधन, हवा, गळती व धुराडे या क्रमाने पाहिल्यास बहुतेक दोष घरच्या घरी, विनाखर्च दूर होऊ शकतात. धुराडे मात्र धूर घराबाहेर नेते, नाहीसा करीत नाही; त्यामुळे स्वच्छ इंधनाची गरज कायम राहते. तोवर महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ही उदबत्तीची साधी चाचणी घरोघरी पोहोचविता येईल. भौतिकशास्त्र व गृहविज्ञान या विषयांना त्यातून प्रत्यक्ष प्रयोगभूमीही लाभेल.