शिपाई पुसले, हायलँडर आले

१८५८ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात जोसेफ नोएल पॅटन या स्कॉटिश चित्रकाराच्या एका चित्राने खळबळ उडवली. चित्राचे नाव ‘इन मेमोरियम’, म्हणजे ‘स्मरणार्थ’. अंधाऱ्या खोलीत ब्रिटिश स्त्रिया व मुले एकमेकांना बिलगून बसली आहेत. मध्यभागी असलेल्या स्त्रीच्या हाती बायबल असून तिची दृष्टी आकाशाकडे लागली आहे. मागील दारातून हिंदी शिपाई आत घुसत आहेत.

पुढे काय घडणार, हे प्रेक्षकांना सांगण्याची गरज नव्हती. १५ जुलै १८५७ रोजी कानपूरच्या बिबीघरात नानासाहेब पेशव्यांच्या कैदेत असलेल्या सुमारे २०० स्त्रिया व मुलांची हत्या झाली होती. जनरल हॅवलॉकची फौज शहरात शिरली ती १७ जुलै रोजी. ही जखम ताजी असल्याने समीक्षकांना चित्र असह्य वाटले. स्त्रियांच्या विटंबनेचे त्यातील सूचन त्यांना विशेष खटकले. अखेर पॅटन यांनी शिपाई पुसून त्यांच्या जागी सुटकेसाठी धावून येणारे हायलँडर सैनिक रंगवले. १८६२ मध्ये या बदललेल्या चित्राचे मुद्राचित्र निघाले आणि हेच रूप प्रसिद्ध झाले.

ऐतिहासिक प्रसंगचित्रात चित्रकार कोणता क्षण निवडतो, यावर चित्राचा राजकीय अर्थ ठरतो. येथे तर स्त्रियांच्या आकृती त्याच राहिल्या. केवळ दारातील माणसे बदलली आणि पराभवाच्या शोकाचे साम्राज्याच्या विजयगाथेत रूपांतर झाले. सप्टेंबर १८५७ मध्ये हायलँडर लखनौच्या रेसिडेन्सीपर्यंत पोहोचले होते, हे खरे. त्यामुळे नवे दृश्य खोटे म्हणता येत नव्हते. मात्र ज्या कानपूरमुळे चित्राला धार आली होती, तेथे सुटका झालीच नव्हती.

दोन्ही रूपांत एक गोष्ट नाहीच. बिबीघरच्या हत्याकांडापूर्वीच, जून १८५७ मध्ये, कर्नल नील याच्या फौजेने अलाहाबाद परिसरात सरसकट फाशीसत्र आरंभले होते. त्या बळींसाठी ‘स्मरणार्थ’ चित्र रंगवले गेले नाही. पॅटन यांच्या चित्रातील घोळक्यात एक हिंदी आयाही आहे. तिच्यासमोरही तेच संकट उभे आहे; परंतु चित्र अर्पण केले आहे ते केवळ ब्रिटिश स्त्रियांच्या ख्रिस्ती धैर्याला.

म्हणूनच असे चित्र पाहताना दोन प्रश्न विचारावे लागतात : यात काय दिसते आणि काय पुसले गेले?