जुन्या संगणकाचा टीव्ही रेकॉर्डर

हिंगोली जिल्ह्यात शेतीपंपाच्या विजेची रात्रपाळी लागली की घराचं घड्याळच फिरतं. हळदीला पाणी द्यायला माणूस दिवस मावळताना घर सोडतो आणि दिवसा झोपतो. दूरदर्शनचा ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम ज्याच्यासाठी बनवला, तो शेतकरीच नेमका मोटारीपाशी असतो. अशा घरात कार्यक्रम साठवून ठेवणारं यंत्र हवं. ते माळ्यावरच्या जुन्या संगणकातून घरीच तयार होतं; खरेदी करायची ती फक्त ट्यूनर कार्डाची.

कार्ड मात्र पारखून घ्यावं. २००५च्या आसपास सर्रास मिळायची ती ॲनालॉग कार्डं. केबलची वायर थेट मागे खोचायची आणि आवाजासाठी एक छोटी वायर साउंड कार्डाच्या लाइन-इनला जोडायची. खरी अडचण पुढे होती. सेकंदाला २५ चौकटी, प्रत्येक ७२० बाय ५७६ ठिपक्यांची. हे सगळं जसंच्या तसं साठवलं तर तासाला सुमारे ७५ जीबी. ते दाबून लहान करण्यात त्या काळचे प्रोसेसर मेटाकुटीला येत. पुढे ग्रामीण भागातल्या केबलसाठीही ३१ मार्च २०१७ ही डिजिटल होण्याची मुदत ठरली. दूरदर्शनचे ॲनालॉग प्रक्षेपकही त्यानंतर बहुतेक बंद झाले. म्हणून कुणी स्वस्तात असं कार्ड देऊ केलं तरी घेऊ नये.

आज घ्यायचं ते डीव्हीबी-एस२ जातीचं, उपग्रहाचं कार्ड. डीडी फ्री डिशच्या वाहिन्या आकाशातून येतात त्याच दाबलेल्या स्वरूपात. कार्ड त्यातली हवी ती वेचतं आणि संगणक ती डिस्कवर जशीच्या तशी लिहितो. साध्या वाहिनीला तासाला एक-दीड जीबी पुरतो. म्हणूनच पंधरा वर्षांचा संगणकही हे काम निवांत करतो. दुसरी खुबी अशी, की उपग्रहाच्या एका ट्रान्स्पाँडरवर अनेक वाहिन्या असल्यामुळे त्यातल्या दोन वाहिन्या एकाच कार्डावर एकाच वेळी नोंदवता येतात.

फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. हिंगोलीहून तो आग्नेयेला, किंचित दक्षिणेकडे झुकून, क्षितिजापासून साधारण ६० अंश उंचीवर येतो. त्या बाजूला कडुलिंबाची फांदी आडवी नसावी. वायरीचं टोक सोलताना घाई नको: जाळीची एक केसाएवढी तार मधल्या तांब्याला टेकली तरी शॉर्ट होतं, डिशवरच्या एलएनबीला लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट पोचत नाहीत आणि शोध घेऊनही एकही वाहिनी सापडत नाही. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही चालू ठेवायचा असेल तर दोन तोंडांचा एलएनबी बसवावा.

कार्यक्रम नोंदवण्याचं सॉफ्टवेअर म्हणून लिनक्सवर टीव्हीहेडएंड किंवा मिथटीव्ही, दोन्ही मोफत आहेत. मिथटीव्ही तर २००२पासून लोक घरी वापरताहेत. वेळ लावताना पाच मिनिटं आधी, दहा मिनिटं नंतर अशी मोकळीक ठेवावी.

आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाची जोडणी विजेची, आणि परदेशी माहितीपत्रकं नेमकी तिथेच अपुरी पडतात. संगणकाच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते. ती आधी लावावी. जमल्यास इन्व्हर्टर जोडावा. नोंद ‘टीएस’ स्वरूपातच ठेवावी, कारण मध्येच वीज गेली तरी तिथपर्यंतचा भाग सहसा पाहता येतो. एमपी४ फाइल अर्धवट राहिली तर बहुतेकदा उघडतही नाही. मृगाच्या मोठ्या सरीत केयू बँडचा सिग्नल तुटतो, त्याला घरगुती इलाज नाही.

माळ्यावरचा संगणक भंगारवाल्याला देण्याआधी त्याचं झाकण उघडून कार्डासाठी पीसीआय एक्सप्रेसचा एखादा स्लॉट रिकामा आहे का, एवढं बघा. असेल तर तो देऊ नका.