स्टुटगार्टचे वार्तापत्र : उमेदवारीचा करारनामा

स्टुटगार्ट

मागील पत्रानंतर जळगाव-धुळ्याकडील काही वाचकांनी विचारणा केली आहे की, संगणकावर यंत्रभागाचा आराखडा काढून तो सीएनसी यंत्रावर कापण्याची विद्या जर्मनीतील कोणत्या महाविद्यालयात शिकवतात, तिला फी किती पडते आणि प्रवेशासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते. प्रश्न रास्त आहे, परंतु त्यात जी तीन गृहीतके आहेत, त्यांपैकी एकही या देशाला लागू पडत नाही. कारण ही विद्या येथे मुख्यतः महाविद्यालयात शिकवली जात नाही, तिला फी नाही, आणि प्रवेश देणारा प्राचार्य नसून कारखानदार असतो.

दहावी संपवलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा येथे शाळेऐवजी कारखान्याकडे अर्ज करतो, मुलाखत देतो, आणि निवड झाल्यास त्याच्याशी कारखानदार लेखी करारनामा करतो. या करारनाम्याचा जाबता 1969 सालच्या व्यवसायशिक्षण कायद्याने घालून दिलेला आहे. पारखणीची मुदत कमीत कमी एक व जास्तीत जास्त चार महिने. धातुकामाच्या बहुतेक व्यवसायांत एकंदर उमेदवारी साडेतीन वर्षांची. आठवड्यातील एक-दोन दिवस सरकारी व्यवसायशाळेत गणित, पदार्थविज्ञान, आरेखन आणि जर्मन भाषा, व उरलेले दिवस कारखान्यात. उमेदवाराला दरमहा वेतन मिळते, जे वर्षागणिक वाढते. हत्यारे आणि साहित्य मालकाने मोफत पुरवावयाचे असते. आणि शिक्षणाच्या हेतूस उपकारक नाही असे कोणतेही काम त्याला सांगता येत नाही, अशी स्पष्ट तरतूद आहे. आपल्याकडील वर्कशॉपात पहिली दोन वर्षे चहा आणण्यात व बुरादा झाडण्यात घालविलेल्या शिकाऊ उमेदवारांनी हे कलम वाचले, तर त्यांना ते काव्य वाटेल.

प्रत्यक्ष शिक्षण कसे चालते ते मी येथील एका कारखान्याच्या शिकाऊ विभागात पाहिले. संगणकाधारित आरेखन शिकण्यास आलेल्या मुलांपुढे पहिले काही आठवडे संगणक ठेवलेलाच नव्हता. प्रत्येकाच्या शेगड्यात यू आकाराचा एक पोलादी तुकडा, हातात कानस, बाजूस गुण्या. पृष्ठभाग घासावयाचा, पट्टीची धार त्यावर टेकवून उजेडाकडे धरावयाची, आणि धारेखालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासावयाचे. कानस कोणत्या बाजूस झुकते, दाब कोठे कमी पडतो, हे त्या रेघेवरून उमेदवाराला स्वतःच कळते. शिकविणारा वस्ताद, ज्याला येथे मायस्टर म्हणतात, क्वचितच काही बोलतो. त्यानंतर लेथ व मिलिंग यंत्रे, मग हाताने काढलेली ड्रॉइंगे, आणि मगच पडदा. पडद्यावर भाग घडवून, कटरचा मार्ग आखून, तो यंत्राच्या नियंत्रकाकडे धाडल्यावरही पहिली फेरी धातूविना, हवेतच चालविली जाते. एका मुलाने पातळ भिंतीची एक खाच आखली होती आणि पडद्यावरील प्रतिकृतीत ती निर्दोष कापली जात होती. मायस्टरने एवढेच विचारले की, कटर लागताच ही भिंत मागे सरणार नाही काय? पडद्यावरचे पोलाद वाकत नाही, पण ज्याने आठवडेच्या आठवडे कानस चालविली आहे, त्याच्या हाताला ते ठाऊक असते. मुलाने मान हलविली आणि मार्ग बदलून दोन हलक्या फेऱ्यांत काम वाटून दिले. प्रत्येक आठवड्याचे असे काम तो एका वहीत नोंदवितो, त्यावर सही होते, आणि ती वही पूर्ण नसेल तर अखेरच्या परीक्षेस बसता येत नाही.

परीक्षेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्व व्यवस्थेचे मर्म तेथे आहे. ज्याने शिकविले तो येथे परीक्षक नसतो. परीक्षा घेते उद्योग व व्यापार मंडळ. त्याच्या परीक्षक समितीत मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी समसंख्य, आणि व्यवसायशाळेचा निदान एक शिक्षक. धातुव्यवसायांच्या प्रश्नपत्रिका व कसोटीचे नमुने याच स्टुटगार्टमधील मंडळाची एक कचेरी सर्व देशासाठी तयार करते, त्यामुळे हाम्बुर्गच्या मुलाच्या शेगड्यात जो तुकडा, तोच म्युनिकच्या मुलाच्या. टर्नर, मिलर यांच्या व्यवसायात उमेदवारीच्या मध्यावर होणाऱ्या पहिल्या भागास 40 टक्के व अखेरच्यास 60 टक्के गुण असतात. अखेरच्या भागात स्वतः केलेल्या कामाविषयी तोंडी झाडाझडतीही होते. आता हे मंडळ म्हणजे काय? आपल्याकडील चेंबर ऑफ कॉमर्सप्रमाणे वर्गणी भरून हौसेने सभासद होण्याची संस्था ती नव्हे. कायद्याने प्रत्येक उद्योगास तिचे सभासदत्व सक्तीचे आहे, वर्गणी वसूल करण्याचा अधिकार तिला आहे, प्रत्येक करारनामा तिच्या दप्तरी रुजू व्हावा लागतो, आणि कारखाना शिकविण्यास लायक आहे की नाही हे तिचे तपासनीस ठरवितात. सरकार नव्हे आणि एकटा मालकही नव्हे, अशी ही तिसरी सत्ता आहे, आणि माझ्या मते जर्मन उमेदवारीचा सारा डोलारा यंत्रांवर नव्हे, तर तिच्यावर उभा आहे.

अभ्यासक्रम मात्र गोठलेला नाही. 1987 साली धातूचे अनेक जुने व्यवसाय एकत्र करून सहा करण्यात आले व संगणकनियंत्रित यंत्रे सर्वांच्या शिक्षणात आली; 2011 साली कागदावर रेघा ओढणारा तांत्रिक आरेखक हा जुना व्यवसायच रद्द होऊन त्याच्या जागी त्रिमितीय आरेखन करणारा नवा व्यवसाय प्रस्थापित झाला; 2018 साली यंत्रांचे परस्परांशी जोडलेले जाळे आणि थरावर थर रचून वस्तू घडविण्याचे तंत्र यांची भर पडली. प्रत्येक वेळी मसुदा करावयास मालक, कामगारसंघ आणि सरकार एकत्र बसले.

या व्यवस्थेची दोन रोपे खानदेशच्या दोन्ही वेशींवर लावलेली आहेत. अजिंठ्याचा घाट चढून गेल्यावर चिकलठाण्याला, आणि आग्रा रोडने सेंधव्यापुढे इंदूरला, जर्मन सरकारच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन टूल रूम आहेत. चिकलठाण्याचा डाय व साच्यांच्या कामाचा चार वर्षांचा डिप्लोमा आणि संगणकाधारित आरेखन-उत्पादनाचे अभ्यासक्रम नावाजलेले आहेत. जळगावला त्यांची गरज किती निकडीची आहे, हे ठिबकाच्या एका तोटीवरून सांगता येईल. भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने देशभर नेलेल्या ठिबक सिंचनात पाण्याचा वेग आवरला जातो तो तोटीच्या आतील नागमोडी वाटेने. तिची रुंदी व खोली किंचित बदलली की ताशी चार लिटर देणारी तोटी पाच देते, आणि रावेर-यावलच्या केळीबागेत ओळीच्या एका टोकाला चिखल व दुसऱ्याला कोरड. ही वाट ज्या साच्यात ओतली जाते, त्याच्या अनेक खाचा हुबेहूब एकसारख्या हव्यात. त्यांसाठी प्रथम तांब्याचे वा ग्राफाइटचे इलेक्ट्रोड सीएनसीवर कापतात, मग ठिणग्यांनी पोलाद कोरतात. हे काम स्टँडसमोरच्या माडीवर तीन महिन्यांत ऑटोकॅड शिकून मिळविलेल्या प्रमाणपत्राने होत नाही. त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी जे विकत मिळत होते ते घेतले. आपला 1961 चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे, आयटीआयमध्ये दोन वर्षांचा मेकॅनिकल ड्राफ्ट्समनचा व्यवसाय आहे. नाही ती एवढीच : जळगाव किंवा अवधानच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांना एकत्र बांधून, वर्गणी घेऊन, परीक्षा घेणारी आणि नालायक मालकाकडून उमेदवार काढून घेणारी संस्था. यंत्रे व अभ्यासक्रम जर्मनीहून आले. मंडळ आले नाही.

येथील सारे आलबेल आहे असेही समजू नये. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मुले दहा वर्षांची होतात न होतात तोच त्यांची शाळांमध्ये वाटणी होते, आणि कानस कोणाच्या हातात जाईल हे बऱ्याच अंशी बापाच्या शिक्षणावरून ठरते; याविषयी येथील वृत्तपत्रे नित्य कुरकुरतात. शिवाय उमेदवार घेणारे कारखाने सुमारे पाचांतील एक, बाकीचे दुसऱ्याने शिकविलेले आयते उचलतात. आणि अलीकडे मुलेच विद्यापीठांकडे वळू लागल्याने जागा रिकाम्या राहतात. मायस्टरची पदवी राष्ट्रीय श्रेणीपत्रकात विद्यापीठाच्या पहिल्या पदवीच्या बरोबरीस बसविली तरी आयांचे मन वळत नाही. या बाबतीत जर्मन आई व धुळ्याची आई यांत मला फारसा भेद आढळला नाही.

या रिकाम्या जागांमुळेच आपल्या वाचकांच्या पत्रांना आता अर्थ आला आहे. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकार व बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. त्यात परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा तयार कामगारांवर भर आहे. उमेदवारीचा मार्ग याहून वेगळा. त्यासाठी आधी कारखान्याचा करारनामा हातात हवा, जर्मन रोजगार खात्याची संमती हवी, आणि जर्मन भाषा साधारणतः बी-वन श्रेणीपर्यंत यावयास हवी, कारण व्यवसायशाळेत इंग्रजीला कोणी विचारीत नाही. वेतनात खर्च भागत नसेल तर उरलेल्या रकमेची तजवीज वकिलातीस दाखवावी लागते. शिक्षणवर्ष बहुधा सप्टेंबरात सुरू होते आणि मोठे कारखाने वर्षभर आधी अर्ज मागवितात. करारनाम्याआधी प्रवेशशुल्क म्हणून लाखांत रक्कम मागणारा दलाल भेटलाच, तर त्याच्याकडे कारखान्याचे नाव व मंडळातील नोंदीचा दाखला मागावा.