राखीव गेटवे आणि अखंड संपर्क

मोबाइलवर इंटरनेट सुरू होताच दूरसंचार जाळ्यातील ‘गेटवे’ ग्राहकाच्या जोडणीस पत्ता देतो व तिची नोंद ठेवतो. फोर-जी जाळ्यावरील संभाषणही याच दारातून जाते. तो बंद पडल्यास रुग्णवाहिकेसाठी केलेला दूरध्वनीही अडखळू शकतो. म्हणून जोडीला राखीव गेटवे ठेवतात. मात्र दुसरे यंत्र असून भागत नाही; नोंदींची प्रत त्याच्याकडे सतत पोहोचली पाहिजे. तरच जुन्याच पत्त्यावर जोडणी पुढे चालते. प्रत नसेल, तर पुन्हा सुरू झालेला गेटवे आपल्या संदेशातील पुनरारंभाचा आकडा वाढवतो. तो बदल पाहून शेजारची यंत्रे निरुपयोगी नोंदी पुसतात आणि जोडणी नव्याने उभारली जाते. राखीव यंत्रणेची वेळोवेळी चाचणी घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.