मनातली गावकी

२०२५ मध्येही जागतिक मानसिक आरोग्य दिन १० ऑक्टोबरला रीतीप्रमाणे साजरा झाला. त्या वर्षीचा विषय होता आपत्ती आणि आणीबाणीच्या काळातल्या मानसिक आरोग्यसेवा. रायगड जिल्ह्याला तो कुणी समजावून सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातलं तळिये, जुलै २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. दरड कोसळते, मंत्री येतात, शिधा येतो, यथावकाश घरंही होतात. पण पुढची कित्येक वर्षं पाऊस जोरात लागला की ज्याला झोप येत नाही, त्याच्याशी कुणी बोलायचं, हा प्रश्न दर ऑक्टोबरात भाषणांतून येऊन जातो. कसं बोलायचं, हे मात्र कुणी फारसं काढत नाही.

त्या 'कसं'चं एक उत्तर सध्या जगभर गाजतंय. 'इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स', म्हणजे आयएफएस. मन एकसंध नसून त्यात अनेक अंश नांदतात आणि उपचार म्हणजे त्या अंशांशी बोलणं, असं मानणारी ही पद्धत. 'इनसाइड आउट' हा सिनेमा पाहिलेल्या मुलांना कल्पना आधीच ठाऊक आहे. इंग्रजी बोलणाऱ्या शहरी वर्तुळांत तर 'माझा एक पार्ट रागावलाय' हे वाक्य आता चहाच्या कपाबरोबर ऐकू येतं. गंमत अशी, की ही पद्धत समजून घ्यायला रायगडातल्या धरमतरच्या खाडीकाठी याहून नेमके दोन शब्द पडून आहेत: गावकी आणि वाळीत.

गावकी म्हणजे काय, हे खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, सांगावं लागत नाही. देवळाचा उत्सव, पालखीचा मान, भावकीतली भांडणं, एके काळी खाऱ्या पाण्याला अडवणाऱ्या बांधांची राखणही, सगळं गावकीच्या बैठकीत ठरायचं. तीच गावकी एखाद्या घराला वाळीतही टाकायची. दहा-बारा वर्षांपूर्वी रायगड जिल्हा या वाळीत प्रकरणांसाठी राज्यभर बातम्यांत होता. विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि २०१७ मध्ये तो अमलात आला, त्यामागे या जिल्ह्यातल्या तक्रारींचाही वाटा होता. वाळीत टाकलेलं घर गाव सोडून जात नाही, हे इथे महत्त्वाचं. ते तिथेच राहतं. त्याच्याशी कुणी बोलत नाही, पण रात्री तिथला दिवा सगळ्यांना दिसतो आणि सगळं गाव त्याच्याकडे पाहायचं टाळत चालतं.

रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञाला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोत जे सापडलं, ते काहीसं असंच होतं. बुलिमिया, म्हणजे बकाबका खाऊन मग ओकून टाकण्याच्या विकाराने ग्रासलेल्या तरुण मुलींवर ते काम करत होते. कुटुंबातली नाती सुधारली की मुलगी सुधारेल, असा त्यांचा हिशेब. तो चुकला. मुली सांगू लागल्या की त्यांच्या आत कुणी तरी त्यांना घालून-पाडून बोलतं, मग दुसरं कुणी तरी खायला लावतं. एक मुलगी स्वतःला जखमा करून घेत असे. श्वार्ट्झ यांनी तिच्यातल्या जखमा करणाऱ्या त्या अंशालाच वेठीला धरलं. यापुढे असं करणार नाही, असं वचन मिळेपर्यंत सत्र संपवायचं नाही, असा हट्ट धरला. वचन मिळालं. पुढच्या भेटीला ती आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मोठी जखम होती. आपण हरलो, असं श्वार्ट्झ यांनी कबूल केलं आणि मग निव्वळ कुतूहलाने त्या अंशाला विचारलं, तू हे का करतोस? उत्तर आलं. लहानपणी तिच्यावर अत्याचार होत असताना तिला भान विसरायला लावणं आणि जिवावर बेतेल असा तिचा राग आवरणं, हे काम त्यानेच केलं होतं. तो अजून त्याच कामावर होता. प्रसंग मागे पडून वर्षं लोटली, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

या एका प्रश्नातून पुढची सगळी मांडणी उभी राहिली आणि १९९५ मध्ये तिचं पुस्तक आलं. श्वार्ट्झ अंशांचे तीन गट करतात. मराठीत त्यांना कारभारी, बंबवाले आणि वाळीतले म्हणायला हरकत नाही. कारभारी घर नीट ठेवतात: वेळेवर उठ, लोक काय म्हणतील, चूक झाली तर खबरदार. वाळीतले म्हणजे लहानपणीची भीती, लाज, अपमान घेऊन बसलेले अंश. त्यांच्या घरून धूर दिसू लागला की बंबवाले धावतात आणि हाताला येईल ते ओततात. दारू, मोबाइल, संताप, खाणं, काहीही. आग विझते, घराची नासाडी होते. मग कारभारी बंबवाल्यांना शिव्या घालतात. पुढच्या आगीला पुन्हा तेच.

समजा, पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातला चाळिशीचा एक माणूस. कंत्राटी काम, रात्रपाळी, घरी आल्यावर बाटली. बायकोला वाटतं सवय वाईट, त्याला स्वतःला वाटतं आपण वाईट. नेहमीचा सल्ला 'सोड' एवढाच असतो आणि तो त्याने स्वतःलाच शंभर वेळा दिलेला असतो. या पद्धतीने काम करणारा समुपदेशक सोडण्याचं काढतच नाही. पिणाऱ्या अंशाला तो विचारायला लावतो, तू थांबलास तर काय होईल अशी भीती वाटते? थोड्या भेटींनंतर कळू शकतं की तो थांबला तर रात्री एक मुलगा जागा होतो. उधाणात बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली, भातात खारं पाणी शिरलं, आणि बाप बांधावर बसून रडताना त्याने पाहिला, तेव्हा नऊ वर्षांचा असलेला. त्या रात्रीविषयी घरात पुन्हा कुणी बोललं नाही. त्या मुलाला कारभाऱ्याने वाळीत टाकलं, कारण त्याला जवळ केलं असतं तर सकाळी कामावर जाता आलं नसतं.

पुढचा भाग सावकाशीचा आहे. आधी राखणदारांची, म्हणजे कारभारी आणि बंबवाल्यांची, परवानगी, मग त्या मुलाजवळ जाणं, त्याचं ऐकून घेणं आणि शेवटी त्याच्या डोक्यावरचं ओझं कल्पनेत पाण्याला, वाऱ्याला, अग्नीला देणं. पेणच्या माणसाला विसर्जनाचा अर्थ शिकवावा लागत नाही, त्यामुळे ही पायरी अमेरिकेपेक्षा इथे सोपी जावी. हे सगळं करतो कोण? श्वार्ट्झ म्हणतात, प्रत्येकात या अंशांपलीकडचा एक 'सेल्फ' असतो. शांतपणा, कुतूहल, करुणा, धैर्य असे त्याचे आठ गुण ते सांगतात आणि आठही इंग्रजी 'सी'वरून सुरू होतात. इथे मात्र कार्यशाळेच्या फळ्याचा वास येतो. गावकीच्या बैठकीत आवाज न चढवणारं, पण ज्याच्यापुढे बाकीचे आपोआप गप्प होतात असं एखादं वडीलधारं माणूस असतं. ते डोळ्यांपुढे आणलं तरी पुरे.

मराठीला हे परकं नाही, कारण रोजची भाषाच या वळणाची आहे. एक मन म्हणतं जावं, दुसरं म्हणतं राहावं. मन खातं, मन मारलं जातं, मनाला मुरड घातली जाते. रामदासांनी मनाला दोनशे पाच श्लोक ऐकवले, पण आरंभीच त्याला सज्जन म्हणून हाक मारली आणि मग उपदेशाला हात घातला. श्वार्ट्झ यांच्या २०२१ मधल्या पुस्तकाचं नाव 'नो बॅड पार्ट्स' आहे, आत वाईट कुणीच नाही अशा अर्थाचं. महाराष्ट्रात गेली काही दशकं रुजली ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती. अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली. कि. मो. फडके यांनी ती इथे आणली आणि डॉ. आनंद नाडकर्णी व ठाण्याच्या 'आयपीएच' या संस्थेने ती घराघरांत नेली. तिच्यात अविवेकी समजुतीशी वाद घालायचा असतो. आयएफएसमध्ये त्या समजुतीची समजूत काढायची असते. रुसलेल्या माणसाची काढतात तशी. दोन्ही पद्धतींना आपापली जागा आहे, पण घाबरलेल्या नऊ वर्षांच्या मुलाशी वाद घालून काय हाती लागणार?

आता अवघड गोष्ट. खाडीकाठच्या गावांत पालखी आली की कुणाच्या तरी अंगात येतं. केस सुटतात, आवाज बदलतो, आणि एरवी सासूपुढे मान वर न करणारी बाई सगळ्या गावाला सुनावते. म्हातारी माणसं पुढे होऊन विचारतात: कोण आहेस, का आलास, तुला काय पाहिजे? शिकागोत विचारले गेलेले प्रश्न जवळपास हेच. सुधीर कक्कर यांनी १९८२ च्या 'शामन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स' या पुस्तकात राजस्थानातल्या मेहंदीपूर बालाजीचं वर्णन केलं आहे. तिथे भुताची 'पेशी' होते, ते 'बयान' देतं, आणि पुढे राखण करणारा 'दूत' मिळतो. माणसाने स्वतःचं म्हणून नाकारलेलं काही तरी भुताच्या तोंडून बोलतं, असं कक्कर यांचं वाचन. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी मधुरा लोहोकरे यांच्यासह महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर येणाऱ्या पीडितांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. अशा जागांना सरसकट अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढलं, तर तिथे लोकांना मिळणारा आधारही जातो, असं त्या सांगत राहिल्या. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

पण भूत उतरवणाऱ्या भगताकडे हाच संवाद एका क्षणात मारहाणीवर येऊ शकतो. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम आहे ते भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवण्याचं, मारण्याचं, चटके देण्याचं. निव्वळ अंगात येणं हा या कायद्याने गुन्हा ठरत नाही. त्याच्या जोरावर इतरांना भीती घालणं हा गुन्हा आहे. फरक बारीक आहे आणि शहाणपणाचा आहे. भगत म्हणतो, हे बाहेरचं आहे, हाकला. आयएफएस म्हणते, हे घरचंच आहे, आत बोलवा.

निदान २०२३ पर्यंत तरी हाच फरक होता. त्या वर्षी रॉबर्ट फाल्कनर यांचं 'द अदर्स विदिन अस' आलं. माणसाच्या आत त्याचं स्वतःचं नसलेलंही काही शिरलेलं असू शकतं आणि ते घालवावं लागतं, असं त्यात म्हटलं आहे. प्रस्तावना खुद्द श्वार्ट्झ यांची. चाळीस वर्षं फिरून गाडी पुन्हा भगताच्या दारात! ज्या राज्याने यासाठी एक माणूस गमावला आणि मग कायदा केला, तिथल्या समुपदेशकांनी ही पुरवणी अमेरिकेतच राहू द्यावी.

पुराव्याचं काय? आहे, पण थोडका. 'जर्नल ऑफ ऱ्हुमेटॉलॉजी'त २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात संधिवाताचे ७९ रुग्ण होते. आयएफएस गटाच्या वेदना, हालचाल आणि नैराश्याच्या लक्षणांत दुसऱ्या गटापेक्षा सुधारणा दिसली. २०२१ मधल्या प्राथमिक अभ्यासात बालपणी आघात सोसलेले १७ प्रौढ होते. सोळा सत्रांनंतर बहुतेक जण आघातोत्तर विकाराच्या निदानात बसेनासे झाले, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. एवढ्यावर ढोल वाजवता येत नाही. शिवाय सायकोसिसच्या, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या अवस्थेत असलेल्या माणसाला 'आतल्या आवाजांशी बोल' म्हणणं धोक्याचं ठरू शकतं. सूचक प्रश्नांनी खोट्या आठवणी तयार होतात, हेही मानसशास्त्राला नवं नाही. दोन शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून कुणी वाळीतल्यांचं दार ठोठावू लागला, तर रुग्णाने त्याची मूळ पदवी कोणती आणि गरज पडली तर तो मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो का, एवढं तरी विचारायला हवं.

धरमतरच्या माणसाला मुळात हे विचारायची संधी कधी मिळणार, हा प्रश्न उरतोच. निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचं आढळलं. त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते आणि मनोविकारतज्ज्ञ लाखामागे एकही भरत नव्हता. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. रायगड ठाणे, पुणे आणि रत्नागिरीच्या मधोमध. खाडीवरून पेणला, नाही तर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचं, तर रोजंदारीचा एक खाडा. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस'ची १४४१६ ही मोफत दूरध्वनीसेवा आहे, ती मराठीतही बोलते. रात्रपाळीहून परतणारा माणूस बाटली उघडण्याआधी तो क्रमांक फिरवेल तेव्हा पलीकडच्याने 'पार्ट' हा शब्द वापरला नाही तरी चालेल. 'सोड' म्हणण्याच्या आधी त्याने 'हे कधीपासून, आणि तेव्हा घरात काय चाललं होतं?' एवढं विचारावं.