जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला थंड ठेवल्याने मेंदू वाचतो का?

बाळ जन्मल्यावर रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. अशा बाळाचं शरीर ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर ७२ तास ठेवण्याच्या उपचाराला ‘कूलिंग’ म्हणतात. श्रीमंत देशांत तो रूढ आहे. भारतात मात्र त्यावर मोठं प्रश्नचिन्ह लागलंय.

थंडाव्याने काय होतं?

रक्तपुरवठा थांबला की मेंदूच्या सगळ्या पेशी लगेच मरत नाहीत. तो पुन्हा सुरू झाल्यावर काही तासांनी नुकसानीची दुसरी लाट येते. तापमान उतरलं की पेशींची ऊर्जेची गरज घटते आणि ही लाट ओसरू शकते.

प्राण्यांमध्ये काय दिसलं?

१९८७ मध्ये मियामीतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा २० मिनिटं रोखला. तेव्हा मेंदू दोन-तीन अंशांनी थंड असला, तरी इजा बरीच कमी झाली. १९९७ मध्ये न्यूझीलंडमध्ये मेंढीच्या गर्भावर प्रयोग झाला. इजेनंतर दीड तासाने डोकं थंड केलं, तरी फायदा दिसला. साडेआठ तास उशीर केल्यावर मात्र तो उरला नाही. म्हणून बाळांमध्ये सहा तासांच्या आत कूलिंग सुरू करतात.

मग भारतात काय झालं?

२०१५ ते २०१९ दरम्यान भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर ‘हेलिक्स’ चाचणी झाली. मुंबईचं सायन रुग्णालयही त्यात होतं. कूलिंग दिलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली, न दिलेल्या गटात ३१ टक्के.

असं का? प्रयोगशाळेत इजा कधी झाली ते माहीत असतं. बाळाच्या बाबतीत ती प्रसूतीच्या बरीच आधी सुरू झालेली असू शकते. तसं असेल, तर सहा तासांची मुदत जन्माआधीच संपलेली असते.

गावात याचा अर्थ काय?

बुलढाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीसारख्या गावात न रडलेल्या बाळाला ओल्या फडक्याने किंवा पंख्याखाली थंड करू नये. ते धोक्याचं आहे. बाळाला कोरडं करावं, पाठ चोळावी, उबदार ठेवावं. तरीही श्वास आला नाही, तर पहिल्या मिनिटातच पिशवी-मास्कने श्वास द्यावा लागतो. १०८ची रुग्णवाहिका येईपर्यंत तेवढा वेळ नसतो. म्हणूनच प्रसूती कुठे करायची हे ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारावा: तिथे हे करू शकणारं प्रशिक्षित माणूस हजर असेल का?