चकाकतं म्हणून रत्न?

भाच्याने परवा कुसगावहून येताना रस्त्याकडेचा एक फुटका काळा दगड उचलून आणला. आत लिंबाएवढी पोकळी आणि पोकळीत पांढऱ्या, मोत्यासारख्या चकाकणाऱ्या पाकळ्या. “मामा, सोनाराकडे न्यायचा का?” अंगठी त्याच्या डोळ्यांपुढे तयारच होती.

सुरीचं टोक एका पाकळीवर ओढलं. सरळ ओरखडा उठला. हे स्टिल्बाइट, काठिण्य साडेतीन ते चार. माणिक आणि नीलम यांचं नऊ (दोन्ही एकच खनिज, कोरंडम, फरक रंगाचा). घरातल्या धुळीतही सात काठिण्याच्या गारेचे कण असतात. अंगठीत हा खडा टिकायचा नाही.

म्हणजे कवडीमोल? तसंही नाही. संग्राहक पैसे मोजतात ते अख्ख्या नगाला: टोकं शाबूत, रंग ताजा, खालचा काळा दगड तसाच. इथे पैलू पाडले की किंमत गेली. पुण्याच्या आसपासचा हिरवा अपोफिलाइट जगभरच्या संग्रहांत आहे. वाघोलीच्या खाणींतला निळाजर्द कॅव्हनसाइट तर त्याहून दुर्मीळ. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉनवरून त्याचं नाव पडलं. पहिला शोध अमेरिकेतल्या ऑरेगॉनमधला, पण देखणे नग वाघोलीचेच.

“लाव्हाच्या आगीत बनले ना हे?” आग होती ती साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि तिने मागे ठेवले फक्त वायूचे बुडबुडे. स्फटिक वाढले नंतर, त्या पोकळ्यांत झिरपलेल्या ऊन पाण्यातून. स्टिल्बाइटसारख्या झिओलाइटांत पाणी अजूनही अडकलेलं असतं. तापवल्यावर ते फसफसतात म्हणून १७५६मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेटने त्यांना ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचं हे ग्रीक नाव दिलं. व्यापारात मात्र सगळ्यालाच झिओलाइट म्हणून टाकतात. अपोफिलाइट आणि कॅव्हनसाइट त्यात बसत नाहीत. सिन्नरच्या प्रसिद्ध संग्रहालयाचं नाव ‘गारगोटी’, पण त्याची खरी ओळख झिओलाइटांची!

हा धंदा नवाही नाही आणि निव्वळ नशिबाचाही नाही. १८६३मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, त्या खोदकामातले नग तेव्हाच ब्रिटनच्या संग्रहालयांत पोचले. आजही विहीर, खाण, बोगदा, जिथे काळा दगड फुटतो तिथे पोकळ्या उघडतात. मात्र सुरुंगानंतर खडी यंत्रात जायच्या आत कोणीतरी पोचावं लागतं, खाणवाल्याच्या परवानगीने. उरलेलं सगळं डोळ्याचं आणि हाताचं काम: चिकटवलेलं टोक ओळखणं, नग कोणत्या खाणीचा ते लिहून ठेवणं, कापसात बांधणं. शिकायचं तर भूशास्त्र फर्ग्युसनमध्ये आणि पुणे विद्यापीठातही आहे. माणिक-पाचूच्या वाटेला जायचं असेल तर मुंबईत रत्नपरीक्षेचे अभ्यासक्रम आहेत.

हे सांगेपर्यंत भाच्याने दगड नळाखाली धरून टूथब्रशने घासायला घेतला होता. चार पाकळ्या मोरीत.